चार खाचरांवरून मंडळाचं भात कसं कळतं?

(आकाशवाणीच्या शेतकरी कार्यक्रमातील भाषण)



मी भाईंदर पूर्वेला जेसल पार्कात राहतो. समोर खाडी, पलीकडे वसई तालुका. इथं आता नुसत्या इमारती. भाताचं खाचर बघायचं तर खाडी ओलांडावी लागते. गेल्या हंगामानंतर पलीकडचे एक ओळखीचे शेतकरी घरी आले. भात पावसानं आडवं झालेलं, विमा उतरवलेला, पण भरपाई नाही. म्हणाले, "साहेब, कापणी झाली दुसऱ्याच्या खाचरात आणि निकाल लागला माझा. असल्या दोन-चार खाचरांवरून मंडळाचं पीक कळतं होय?"

प्रश्न रास्त आहे. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ साली आली. तिच्यात पीक कापणी प्रयोगांतून मंडळाची सरासरी काढतात. भातासाठी अलीकडे उपग्रहाच्या माहितीचीही जोड देतात. ही सरासरी उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेली तर भरपाई.

आता हिशेब बघू. समजा, मंडळातल्या प्रत्येक खाचरातून १० मीटर लांब, ५ मीटर रुंद तुकडा कापला. सरासरी निघाली २० किलो. पण सगळीकडे २० थोडंच निघणार? खळ्यावर धान्य ओतलं की रास मधे उंच होते, दोन्ही अंगांना उतरत जाते. उत्पन्नाचे आकडेही बरेचदा असेच पडतात. यालाच प्रसामान्य वितरण म्हणतात. फरकाचं माप ४ किलो धरलं, तर १०० पैकी ६८ तुकडे १६ ते २४ किलोंत आणि ९५ तुकडे १२ ते २८ किलोंत येतील.

उंबरठा १८ किलो आहे असं धरा. म्हणजे मंडळाचं पीक खरं तर उंबरठ्याच्या वर आहे. एकच तुकडा कापला, तर तो १८ च्या खाली निघण्याचा संभव १०० त ३१. चार तुकड्यांची सरासरी घेतली तर १०० त १६. सोळा तुकडे घेतले तर १०० त जेमतेम २. उलट बाजूनंही तसंच. पीक खरोखर बुडालं असताना सरासरी चुकून वर दिसण्याचा धोकाही असाच घटतो. मात्र ध्यानात घ्या, प्रयोग चौपट केले की फरक निम्मा होतो, चौथा हिस्सा नव्हे. म्हणून प्रयोग वाढवत नेले तरी फायदा हळूहळूच वाढतो.

हे सारं खरं केव्हा? निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी झाली तरच. आधी सर्व्हे नंबर असा निवडायचा, मग नैऋत्य कोपऱ्यापासून ठरलेली पावलं मोजून खुंटी ठोकायची. खुंटी पडलेल्या भातात आली तर तिथंच, भरघोस भातात आली तरी तिथंच. "इथं चिखल आहे, जरा तिकडं कापू" असं कुणी म्हणालं, की हिशेब मोडला. मग सोळा सोडा, सोळाशे प्रयोगही कामाचे नाहीत.

ही पद्धत आपल्याकडे १९४० च्या दशकात बसवण्यात साताऱ्याच्या बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी डॉ. पानसे यांचा मोठा वाटा. सुखात्म्यांनी दाखवून दिलं, की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसतं. कारण दोरीवर आलेलं रोप आत धरायचं की बाहेर, इथं हात आपसूक आत वळतो. लहान तुकड्यात अशी काठावरची रोपं प्रमाणानं जास्त.

काही गावांत उलटा खेळही चालतो. मुद्दाम वाईट खाचर दाखवायचं. माझ्या मते ही स्वतःचीच फसवणूक. उंबरठा उत्पन्न मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून काढतात. आज खोटा कमी आकडा लिहिला, तर उद्या उंबरठाच खाली येऊ शकतो.

त्या शेतकऱ्यांना मी दोन गोष्टी सांगितल्या. एक कडू होती. ही पद्धत मंडळाचं पीक मोजते, तुमचं एकट्याचं नाही. शेजारी पिकलं आणि तुमचं बुडालं, तर ती सरासरी बरोबर असूनही तुमच्या हाती काही येत नाही. दुसरी अशी, की कापणीचा दिवस विचारून ठेवा आणि चार जण बांधावर हजर राहा. पावलं मोजताना बघा, दोरी ताणलेली आहे ना बघा, झोडणी आणि वजन डोळ्यांसमोर होऊ द्या आणि आकडा लिहून घ्या.

यंदा जाईन म्हणालेत.