सीलच्या चरबीतला हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. महागाई आणि बेकारीचे प्रश्न दारात उभे असताना, दूरच्या समुद्रातील सीलच्या आणि देवमाशांच्या चरबीत कोणते रसायन सापडले याची उठाठेव आपण का करावी? करावी, कारण या रसायनाचा प्रवास समुद्रात संपत असला तरी सुरुवात बाजारात होते. आणि त्या बाजाराला कायद्यानेच वाट करून दिली होती.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १९९८ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर येऊन मेलेल्या स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशांविषयी एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांच्या चरबीत पीबीडीई या गटातील अग्निरोधक रसायने आढळली होती. हे देवमासे किनाऱ्याजवळ चरत नाहीत. त्यांचे अन्न खोल महासागरात असते. याचा अर्थ, माणसाच्या दिवाणखान्यातील सोफ्यासाठी आणि दूरदर्शन संचासाठी बनवलेले द्रव्य महासागराच्या तळापर्यंत पोहोचले होते. २००२ साली सान फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील सीलविषयीचे संशोधन पुढे आले. १९८९ साली सीलच्या एक ग्रॅम चरबीत या द्रव्याचे ८८ नॅनोग्रॅम होते. १९९८पर्यंत सर्वाधिक नोंद ८,३२५ नॅनोग्रॅमवर गेली. दर पावणेदोन-दोन वर्षांनी प्रमाण दुप्पट होत होते. त्याच अभ्यासात त्या भागातील स्त्रियांच्या शरीरातील चरबीही तपासली होती, आणि तिच्यातही हे द्रव्य सापडले.

हे घडते कसे? ही रसायने फोममध्ये नुसती मिसळलेली असतात, त्याच्याशी घट्ट जोडलेली नसतात. वापरता वापरता ती धुळीत उतरतात, सांडपाण्यातून खाडीत जातात. पाण्यात ती विरघळत नाहीत, चरबीत मात्र साठतात. लहान जीवाला मोठा मासा खातो, माशाला सील खातो, आणि प्रत्येक पायरीवर साठा वाढतो. सीलची मादी हा साठा दुधातून पिल्लाला देते. मानवी मातेचेही तसेच आहे. प्रयोगशाळेतील प्राण्यांत या द्रव्यांमुळे थायरॉईडच्या कार्यात आणि मेंदूच्या वाढीत बिघाड झाल्याचे दिसले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एवढे रसायन फोममध्ये आले कोठून? कॅलिफोर्निया राज्याने १९७५ साली नियम केला की, सोफ्यातील फोमने लहान ज्योतीसमोर बारा सेकंद टिकाव धरला पाहिजे. नियम एका राज्याचा, पण दोन प्रकारचा माल करणे परवडत नाही म्हणून अनेक कारखानदार तोच माल देशभर विकू लागले. पीबीडीईचे ‘पेंटा’ हे मिश्रण मुख्यत्वे अशा फोममध्ये जाई. २००१ साली जगातील त्याच्या खपापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग एकट्या अमेरिका खंडात होता.

परंतु फर्निचरला आग लागत होती ती बहुधा धुमसत्या सिगारेटमुळे. आपोआप विझणारी सिगारेट काढा, अशी मागणी होऊ लागली तेव्हा तंबाखू कंपन्यांनी लोकांचे लक्ष सिगारेटवरून फर्निचरकडे वळवले. ‘शिकागो ट्रिब्यून’ने २०१२ साली हा इतिहास उघड केला. ‘सिटिझन्स फॉर फायर सेफ्टी’ नावाची संघटना नागरिकांची म्हणून मिरवत होती. प्रत्यक्षात ती अग्निरोधक रसायने बनवणाऱ्या तीन मोठ्या कंपन्यांची होती. जनतेच्या नावाने संस्था काढायची आणि जनतेच्या घरात विष विकायचे, हा धंदा आपल्या ओळखीचा आहे.

या धंद्याला आव्हान कोणी दिले? शास्त्रज्ञांनी दिले, ग्राहकांनी दिले, आणि विशेष म्हणजे अग्निशामक दलाच्या कामगारांनीही दिले. आगीशी ज्यांची रोज गाठ पडते, त्यांनीच सांगितले की ही रसायने जळताना निघणारा धूर आम्हाला अधिक घातक आहे. २०१३ साली नियम बदलला. ज्योतीच्या कसोटीऐवजी धुमसण्याची कसोटी आली, आणि ती रसायनाशिवायही पार करता येते. पेंटाचे अमेरिकेतील उत्पादन त्याआधीच, २००४ अखेर थांबले होते. त्यानंतरच्या वर्षांत त्याच उपसागरातील माशांत आणि पक्ष्यांच्या अंड्यांत पीबीडीईचे प्रमाण घटले. निर्बंधाने निसर्ग सावरू शकतो, याचा हा पुरावा आहे. मात्र पेंटा गेल्यावर कंपन्यांनी त्याच्या जागी दुसरी रसायने आणली. त्यांतील एक तर १९७०च्या दशकाच्या अखेरीस मुलांच्या झोपण्याच्या कपड्यांतून धोकादायक म्हणून काढून टाकलेले होते. एकेका रसायनावर बंदी घालत बसल्याने कारखानदार नेहमी एक पाऊल पुढेच राहतो.

आपल्या देशाचा संबंध येथे येतो. स्टॉकहोम करारानुसार २००९ साली पेंटा आणि ऑक्टा या मिश्रणांतील मुख्य घटकांवर आणि २०१७ साली डेका या मिश्रणावर जागतिक निर्बंध आले. भारत सरकारने २०१८च्या नियमांनी पेंटा व ऑक्टा मिश्रणांतील त्या घटकांना मनाई केली. ई-कचऱ्याच्या नियमांत नव्या विद्युत उपकरणांसाठी ०.१ टक्क्याची मर्यादाही आहे. पण जुने संच, जुने संगणक यांचे प्लास्टिक आज दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत उघड्या हातांनी फोडले जाते, जाळलेही जाते. तेथे ही धूळ आणि हा धूर सर्वांत आधी त्या मजुराच्या छातीत जातो. समुद्राची पाळी नंतर येते.

म्हणून आपल्यापुढे ‘आग की विष’ अशी निवड कोणी ठेवली तर ती मान्य करू नका. सुरक्षिततेच्या नावाने एखादी वस्तू सक्तीची होत असेल तेव्हा विचारा: तपासणी कोणी केली, खर्च कोणाच्या अंगावर पडणार, आणि वस्तू निकामी झाल्यावर ती कोणाच्या वस्तीत जाऊन पडणार? ई-कचरा फोडणाऱ्या मजुरांची संघटना, त्यांना हातमोजे, मुखपट्ट्या व नियमित वैद्यकीय तपासणी, आणि उत्पादकावर परत घेण्याची खरी जबाबदारी, या मागण्या आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर आल्या पाहिजेत. एवढे काम आपण हाती घ्यावे, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.