दोन डगरींवर पाय
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



माझी ओळख करून देताना चिटणीस साहेबांनी आपणांस सांगितले की, कुवेतची नोकरी चालून आली असताना मी ती नाकारली आणि संस्थेच्या सेवेसाठी गावी राहिलो. हे वाक्य मी गेली चाळीस वर्षे अनेक व्यासपीठांवर ऐकत आलो आहे. प्रत्येक वेळी मान खाली घालून गप्प बसलो आणि लोकांनी त्याला विनय समजले. आज मला दिलेला विषय ‘निर्णय कसा घ्यावा’ असा आहे. तेव्हा आज तरी खरे सांगितले पाहिजे. १९८१ साली मी काहीही नाकारले नाही. तारीख निघून गेली, एवढेच झाले.

त्या वेळी मी एकोणतीस वर्षांचा होतो, हायस्कुलात कायम शिक्षक होतो. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आखातात कामे निघाली, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. रायगड-रत्नागिरीतल्या आपल्या गावांतून पूर्वी लोक मुंबईला जाऊन बोटीवर लागत. आता ते कुवेत, दुबई, सौदीला जाऊ लागले. माझ्या मामेभावाने तिथल्या एका कंपनीत कारकुनाची जागा पाहून एन.ओ.सी. पाठवली. पगार इथल्या चौपट. घरात बहिणीचे लग्न व्हायचे होते, छप्पर गळत होते. दुसऱ्या बाजूला वालिद थकलेले होते आणि दहावीचा वर्ग माझ्या हाती होता.

मी काय केले? रोज ज्याला त्याला विचारत सुटलो. सकाळी पोस्टमास्तरांना, दुपारी शिक्षकांच्या खोलीत, मगरिबनंतर मशिदीच्या पायरीवर. दहा माणसांनी दहा सल्ले दिले आणि मला तेच हवे होते, कारण सल्ले जमा होत असताना माणसाला काही करावे लागत नाही. खाजगी शाळांच्या सेवानियमांप्रमाणे कायम शिक्षकाला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. मी सर्वांना सांगत असे, ‘अहो, नोटिशीचे कसे होणार?’ नोटिशीऐवजी पगार भरून मोकळे होता येते का, बिनपगारी रजा मिळते का, हे विचारायला मी कार्यालयाची पायरी एकदाही चढलो नाही. अडचण सुटली असती तर निर्णय घ्यावा लागला असता ना! शेवटी एन.ओ.सी.ची मुदत संपली. मामेभावाचे रागाचे पत्र आले. गावात मात्र बोलबाला झाला की मास्तर कौमसाठी राहिले.

पुढची पाच वर्षे मी कशी शिकवली, हे त्या वर्षांतल्या माझ्या विद्यार्थ्यांना विचारा. वर्गात उभा असे, पण चित्त थाऱ्यावर नसे. कोणी कुवेतहून टेपरेकॉर्डर घेऊन उतरला की मला घरच्या माणसांचा राग येई. त्या बिचाऱ्यांनी मला कधी अडवले नव्हते.

इथे मला हजरत इमाम गझाली यांची आठवण होते. आपण त्यांचे नाव मोठ्या अदबीने घेतो, पण त्यांच्या आयुष्यातले ते सहा महिने फारसे सांगत नाही. खोरासानातल्या तूसचे हे विद्वान १०९१ साली, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापक झाले. त्यांच्यापुढे तीनशे विद्यार्थी बसत असत. त्या काळी आलिम माणसाला याहून मोठे पद कोणते असणार? आणि तिथेच त्यांच्या मनाने घेतले की, आपण शिकवतो ते अल्लाहसाठी नव्हे, नावलौकिकासाठी शिकवतो. हे सोडून निघावे.

हे कळले म्हणून ते लगेच निघाले का? नाही. १०९५ च्या उन्हाळ्यापासून जवळजवळ सहा महिने ते आज जायचे ठरवीत आणि उद्या मोडीत. त्यांनी हे सारे पुढे आत्मवृत्तात स्वतःच लिहून ठेवले आहे, काही लपवले नाही. अखेरीस एके दिवशी शिकवायला बसले आणि जीभ चालेना. अन्न पचेना. हकिमांनी नाडी पाहून सांगितले की, दुखणे मनाचे आहे, आमच्या औषधाने जाणार नाही. इस्लामचा एवढा मोठा विद्वान! माहिती कमी होती म्हणून का ते अडले होते? आपण मुलांना सांगतो, अजून चौकशी कर, अजून विचार कर. चौकशी जरूर करावी. पण पुष्कळदा माणसाला सगळे ठाऊक असते. दोन्हीपैकी एक हातचे जाणार, हे त्याला सोसत नसते, म्हणून तो अडतो.

निघाले तेव्हा मात्र इमाम साहेबांनी व्यवहार सोडला नाही. स्वतःच्या आणि मुलाबाळांच्या गरजेपुरते ठेवून बाकीचे द्रव्य वाटून टाकले. मदरशातल्या जागेवर भाऊ अहमद यांची सोय केली. आणि गंमत पाहा, बगदादच्या लोकांना त्यांनी सांगितले, मक्केला जातो. मनात होते शाम देशी जायचे. लोक अडवतील, हुज्जत घालतील, याची त्यांनाही धास्ती होती. ते दमास्कसला गेले, तिथून बैतुल मुकद्दस, मग हज. पुढे मुलांच्या ओढीने घरी परतले, आणि ११०६ साली, बगदाद सोडल्याला अकरा वर्षे झाल्यावर, निशापूरच्या मदरशात पुन्हा शिकवू लागले. म्हणजे जे काम सोडले तेच पुन्हा हाती घेतले. मग सोडले ते चुकले का? मला तसे वाटत नाही. तोच माणूस त्याच कामावर दुसऱ्या नियतीने बसला होता.

आता माझे पुढचे सांगतो. १९८६ साली मामेभावाने राग विसरून पुन्हा लिहिले. या वेळी मी गावाला विचारले नाही. ज्यांच्यावर परिणाम होणार त्या तिघांना विचारले: वालिद, वालिदा आणि माझी पत्नी. पत्नी म्हणाली, “तुम्ही जा किंवा राहा. पण राहिलात तर पुन्हा कुवेतचे नाव घेऊन घरात उसासे टाकायचे नाहीत.” एवढा नेमका मशवरा मला आजवर दुसऱ्या कोणी दिलेला नाही. कार्यालयात जाऊन बिनपगारी रजेची चौकशी केली. सावकाराचे किती, छपराला किती, सारे कागदावर मांडले. शब-ए-बरातच्या आत उत्तर पाठवायचे, अशी मुदत स्वतःला घालून घेतली.

इस्तिखाराही केला. याविषयी आपल्याकडे एक गैरसमज आहे. दोन रकात नफिल पढून झोपायचे आणि स्वप्नात हिरवे दिसते की लाल, याची वाट पाहायची, असे लोक धरून चालतात. हजरत जाबिर यांनी सांगितलेल्या हदीसमध्ये स्वप्नाचा उल्लेख नाही. एखाद्या कामाचा मनुष्य इरादा करतो तेव्हा ही दुआ मागायची आहे. काम भल्याचे असेल तर सोपे कर, नसेल तर मला त्यापासून दूर ठेव, अशी ती विनवणी आहे. इरादाच नसेल तर दुआ कशाची मागणार? कित्येक घरांत स्वप्न पडले नाही म्हणून स्थळे अडून राहिलेली मी पाहिली आहेत.

मी राहायचे ठरवले. नकाराचे पत्र स्वतः लिहिले, पोस्टात जाऊन रजिस्टर केले आणि पावती घेतली. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच बदल दिसला नाही. मी १९८१ ला इथेच होतो आणि १९८६ लाही इथेच. पण दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो तेव्हा मी तिथे होतो. बहिणीच्या लग्नाला कर्ज झाले, छपराला पुढे सहा वर्षे लागली. ते झोंबले, पण त्याचा राग कोणावर धरला नाही.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले. लाखाहून अधिक हिंदी लोक अम्मानमार्गे विमानांनी परत आले. माझा मामेभाऊ एका पिशवीनिशी उतरला. लोक मला म्हणाले, मास्तर, तुम्ही शहाणे ठरलात. कसला शहाणपणा? सद्दाम काय करील हे मला १९८६ साली कुठे ठाऊक होते! मामेभाऊ १९९२ साली पुन्हा गेला आणि त्याने मुलांना उत्तम शिकवले. त्याचेही बरोबर होते. निर्णय चांगला की वाईट, हे पुढे काय घडले त्यावरून ठरवू नये, असे मला वाटते.

आता पालकांना एक गोष्ट बोलायची आहे, ती कडू वाटली तर माफ करा. गेल्या वर्षी आपल्याच एका मुलीला बाहेरगावी नर्सिंगला प्रवेश मिळत होता. मी तिच्या वडिलांकडे तीन वेळा गेलो. ते ‘नाही’ म्हणाले नाहीत. ‘पाहू’, ‘तिच्या चाचाला विचारतो’, ‘वसतिगृह कसे आहे कोण जाणे’, असे म्हणत राहिले. वसतिगृह पाहायला मात्र गेले नाहीत. फी भरायची तारीख गेली आणि मग म्हणाले, तिच्या नशिबात नव्हते. मला १९८१ ची एन.ओ.सी. आठवली. फरक इतकाच की मी माझेच नुकसान केले होते. वडील स्पष्ट ‘नाही’ म्हणाले असते तर ती मुलगी भांडली असती, रडली असती, आईला मध्ये घातले असते. ‘पाहू’शी कोणी कसे भांडावे?

ती मुलगी आज या सभेत बसली आहे. तिचे नाव मी घेणार नाही. तिने यंदा पुन्हा अर्ज भरला आहे, आणि तिच्यासारखे आणखी आहेत. येत्या रविवारी असरच्या नमाजनंतर मी संस्थेच्या कार्यालयात बसणार आहे. येताना अर्ज, फीची शेवटची तारीख आणि वडील, तिन्ही बरोबर आणा. वसतिगृह पाहायचे असेल तर सोमवारच्या पहाटेच्या एस.टी.ने मी स्वतः बरोबर येतो.

खुदा हाफिज.