गोष्टीच्या पोटातली गोष्ट आणि विश्वास

‘अरबी सुरस कथां’त कोळ्याने सोडवलेला जिन्न त्याच्याच जिवावर उठतो. कोळी युक्तीने त्याला पुन्हा बुधल्यात कोंडतो. जिन्न गयावया करतो, तेव्हा कोळी त्याला राजा युनान आणि हकीम दुबान यांची गोष्ट सांगतो. दुबानने पोलोच्या काठीच्या मुठीत औषध भरून राजाचा कुष्ठरोग बरा केलेला असतो. मत्सरी वजीर मात्र राजाचे कान भरतो. काही आवृत्त्यांत राजा उत्तरादाखल पोपटाची गोष्ट सांगतो: खरे बोलणारा पोपट खोटारडा ठरून मारला गेला आणि मालक पस्तावला. त्यावर वजीर तिसरीच गोष्ट काढतो, राजा बधतो आणि दुबानचा शिरच्छेद होतो. हकिमाच्या विषारी पुस्तकाची पाने उलटताना राजाही मरतो.

कोणी म्हणेल, हे सारे वेळकाढूपणाचे तंत्र; या कथा सांगणारी शहरजादही तेच करते. पण नुसता वेळच काढायचा, तर कोणतीही गोष्ट चालली असती. इथे पोपटाची गोष्ट सांगणारा राजाच तिचा अर्थ विसरतो, आणि वजिराची गोष्ट घात करते. म्हणजे गोष्टही फसवू शकते. ती कोण, कशासाठी सांगतो हे ऐकणाऱ्याने पारखायचे असते. म्हणूनच कोळी जिन्नाच्या गोड शब्दांवर विसंबत नाही, आधी शपथ घ्यायला लावतो. या वेळी जिन्न शब्द पाळतो. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी सुरू केलेले या कथांचे मराठी भाषांतर विष्णुशास्त्र्यांनी पुढे नेले; ते जरूर वाचा.