घरगुती इस्त्रीचा दर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



घरी इस्त्रीचे काम घेणाऱ्या भगिनी मला नेहमी विचारतात, "शेजारणीकडून पैसे किती घ्यावेत?" माझे म्हणणे एवढेच, की आधी घड्याळ पाहावे आणि मग दर सांगावा.

एक हजार वॉटची इस्त्री सलग तासभर तापत राहिली, तर एक युनिट वीज जाते. ती आपण मोजतो, कारण तिचे बिल येते. आपल्या उभे राहण्याचे बिल कोणी पाठवीत नाही, म्हणून ते हिशेबातून गळते. समजा, तासात 10 सदरे होतात. मेहनतीचे 80 रुपये आणि वीज, खळ व इस्त्रीची झीज यांचे 20 धरले, तर सदऱ्यामागे 10 रुपये पडतात. सुती साडीला तिप्पट वेळ लागत असेल, तर 30 रुपये मागण्यात संकोच कसला? कपडे आणणे-पोचविणे असेल, तर तो वेळ वेगळा धरावा.

"मी काय, घरीच तर असते," असे म्हणून निम्म्या दराने काम घेऊ नये. त्याने आपली पाठ दुखतेच, शिवाय कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचे गिऱ्हाईक तुटते. त्याचे घर त्याच कामावर चालते.

दर कागदावर लिहून दाराशी लावावेत, म्हणजे भीड पडत नाही. अडल्या शेजारणीचे कपडे फुकट करून द्यावेसे वाटले, तर अवश्य द्यावेत. पण दर मात्र तोच ठेवावा.