वाहन, वाटाड्या आणि पाणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक सहलीच्या पूर्वतयारी-सभेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षाची कौटुंबिक सहल पचमढीस न्यावयाची असे कार्यकारिणीने ठरविले आणि तिजविषयी चार शब्द बोलण्याचे काम मजवर सोपविले, याबद्दल मी आभारी आहे. ठिकाणाविषयी आपले एकमत झाले. वाहनाविषयी मात्र झालेले नाही. आपल्या तरुण मंडळींना 'क्वाड बाइक' नावाच्या चारचाकी गाडीचे वेड लागले आहे. पुढे वाटाड्याची गाडी, मागे आपली रांग, चिखल तुडवीत, ओढे ओलांडीत धबधब्यापर्यंत जावयाचे आणि तेथल्या डोहात उड्या मारावयाच्या, असे त्यांचे स्वप्न आहे. ज्येष्ठांचा बेत अगदी निराळा. बस करावी, पुरीभाजीचे डबे घ्यावेत, धबधबा कठड्यामागून पाहावा आणि दिवेलागणीला मुक्कामी परतावे.

मला दोन्ही पक्षांना एकच गोष्ट सांगावयाची आहे. अशा सहलीत वाहनाचे महत्त्व सर्वांत कमी, वाटाड्याचे त्याहून अधिक आणि पाण्याचे सर्वाधिक असते. आपल्या सभेतील चर्चा गेले तीन आठवडे नेमकी उलट्या क्रमाने चालली आहे.

प्रथम वाहनाचा विचार करू, म्हणजे ते बाजूस ठेवता येईल. ही गाडी दिसावयास गमतीची असते. घोड्यावर बसावे तसे तिच्यावर दोन्ही बाजूंस पाय टाकून बसावयाचे, हातात मोटारसायकलीसारखे हँडल, आणि वेग वाढवावयाचा तो उजव्या अंगठ्याने एक लहानशी कळ दाबून. जपानच्या होंडा कंपनीने १९७० मध्ये या जातीची तीन चाकांची गाडी बाजारात आणली. पुढे १९८०नंतरच्या दशकाच्या आरंभी सुझुकीने चार चाकांची गाडी काढली. तीन चाकांची गाडी इतकी उलटू लागली की, १९८८ मध्ये अमेरिकेत तिची नवी विक्री थांबविण्यात आली. चार चाकांची गाडी तिच्याहून स्थिर खरी. परंतु अडीच-तीनशे किलो वजन, अरुंद बांधा आणि उंच बैठक यांमुळे उतारावर आडवी वळविली तर तीही उलटते, आणि उलटली म्हणजे चालविणाऱ्याच्या अंगावरच येते. एकट्यासाठी बांधलेल्या गाडीवर मागे दुसऱ्याला बसविणे हे तर संकटाला आमंत्रणच.

तिच्या टायरांचे रहस्यही सांगून ठेवतो. मोटारीच्या टायरात हवेचा दाब पौंडांत मोजला तर तीसच्या आसपास असतो. या फुगीर टायरांत तो पाच-सहाच्या घरात असतो. त्यामुळे टायर पसरते, वजन वाटले जाते आणि चिखलात चाक रुतत नाही. मात्र अशा दहा गाड्या ओल्या मातीवरून एकाच वाटेने गेल्या की वाटेचे चर होतात, पावसात त्या चरांतून माती वाहते आणि ती गाळ होऊन ओढ्यात उतरते. ज्या निर्मळ कुंडासाठी एवढा प्रवास करावयाचा, तेच आपण येताना गढूळ करावयाचे! मोकळ्या माळावर, त्यासाठीच राखलेल्या जागेत या गाडीची हौस जरूर भागवावी. पचमढीचे अरण्य सातपुडा व्याघ्रप्रकल्पाच्या परिसरात आहे. तेथे वनखात्याचा परवाना काढून, उघड्या जिप्सीतून, वाटाड्या सोबत घेऊन हिंडावयाचे, अशी पद्धत आहे; आणि जिप्सीसुद्धा आपणांस वाटेच्या तोंडाशीच सोडते. पुढे पाय. तेव्हा वाहनाचा वाद येथेच मिटावा, ही विनंती.

आता ज्या पाण्याकडे जावयाचे त्याची ओळख करून घेऊ. सातपुड्याच्या माथ्यावरील हे पठार समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून थोडे उंच आहे. जवळचे धूपगड हे मध्य प्रदेशातील सर्वोच्च शिखर. त्याची उंची सुमारे १,३५० मीटर. येथील खडक आपल्या सह्याद्रीसारखा काळा कातळ नव्हे. हा वालुकाश्म आहे. वीस कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी नद्यांनी आणून टाकलेली वाळू थरांवर थर दबून त्याचा दगड झाला. त्यातील मऊ थर पाणी लवकर खाते, कठीण थर मागे राहतो. तोच कडा होतो आणि त्यावरून प्रपात कोसळतो. पात्रात अडकलेले गोटे भोवऱ्यात गरगर फिरून खडकाला भोके पाडतात. नगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, निघोजचे कुकडी नदीतले रांजणखळगे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. खडक निराळा, पण पाण्याची कारागिरी तीच.

या कुंडांची नावे म्हणजे एक छोटा इतिहासच आहे. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ याने १८६२च्या सुमारास येथे 'बायसन लॉज' बांधले आणि पुढे पचमढी मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी झाली. म्हणजे नागपूरचे सरकार उन्हाळ्यात येथे येऊन राहत असे. ज्या कोरकू आणि गोंड लोकांच्या या टेकड्या, त्यांना हे सारे पाणी आधीपासूनच ठाऊक होते; परंतु नकाशावर नावे आली ती साहेबांची. 'फेअरी पूल'ची पुढे अप्सराविहार झाली, 'सिल्व्हर फॉल'चा रजतप्रपात, 'डचेस फॉल'चे जलावतरण. रम्यकुंडाचे मूळ नाव 'आयरीन पूल'. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश व पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले व्हिव्हियन बोस यांच्या पत्नी आयरीन यांचे ते नाव.

मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो तो जंबूद्वीप नावाचा ओढा. जटाशंकराच्या गुहेत, जेथे आपण पादत्राणे काढून हात जोडतो, तेथे त्याचा उगम मानतात. तोच ओढा पुढे जलावतरणाच्या दक्षिणेस सुंदरकुंड नावाचा प्रशस्त डोह होतो, आणि त्याला लोक पोहण्याचा तलाव म्हणतात. पाणी एकच. वर तीर्थ आणि खाली तलाव, हा भेद आपण केलेला आहे. जमुनाप्रपाताचा, म्हणजे 'बी फॉल'चा, प्रवाह तर पचमढीच्या वस्तीला पिण्याचे पाणी देतो. तेथे साबण लावून स्नान करणाऱ्याने आपण कोणाच्या माठात हात घालीत आहोत याचा क्षणभर विचार करावा. पचमढीचे पाणी देनवा आणि तवा या नद्यांतून अखेर नर्मदेलाच मिळते. म्हणजे रोज संध्याकाळी आपण जबलपूरच्या घाटावर जिला नमस्कार करतो, तिचेच ते पुढचे नातेवाईक.

आता वाटाड्या. आपण सुशिक्षित मंडळी त्याला 'गाइड' म्हणतो आणि त्याच्याकडून उंची, वर्ष आणि चित्रपटाच्या चित्रीकरणाची माहिती अपेक्षितो. ती पाटीवरही मिळते. त्याचे खरे ज्ञान निराळे असते. कोणत्या खडकावरचे शेवाळ सुकलेले दिसले तरी निसरडे आहे, कोणत्या कड्याला आग्या मोहोळ लागले आहे, तेथे धूर व अत्तराचा वास का नको, आणि वरच्या डोंगरावर ढग दाटला तर खालच्या ओढ्याला पाणी चढावयास किती अवधी लागेल, हे त्याला ठाऊक असते. म्हणून सहलीत एक नियम असावा. त्या दिवसापुरता वाटाड्या हाच आपला अध्यक्ष. त्याने "बाहेर या" म्हटले की बाहेर. "आणखी पाचच मिनिटे" हे शब्द कार्यालयात चालतात, ओढ्यात चालत नाहीत. येथे बसलेल्या माझ्यासारख्या अधिकारीवर्गाला वयाने लहान, साध्या वेषातील मुलाची आज्ञा पाळणे जड जाते, हे मी जाणून आहे. म्हणूनच मुद्दाम सांगतो.

आणि आता मुख्य विषय, पाणी. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणामागील धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. ती माणसे साहस करावयास गेलेली नव्हती. आपल्यासारखीच कुटुंबाच्या सहलीस गेली होती. प्रवाहाच्या मध्यावर एकमेकांना धरून ती उभी होती, आणि पाणी वाढत गेले. म्हणून पाण्याचे चार गुण सर्वांनी, विशेषतः मातापित्यांनी, ध्यानी ठेवावेत.

पहिला गुण असा की, पाणी आपली खोली लपविते. प्रकाशकिरण वाकत असल्यामुळे चार फूट पाणी वरून पाहणाऱ्यास तीनच फूट भासते. मुलाच्या छातीइतके वाटलेले पाणी त्याच्या नाकाशी येते, ते असे.

दुसरा गुण असा की, उंचावरून पडणाऱ्याला पाणी मऊ लागत नाही. पाच मीटरांवरून उडी मारली तर पाण्याशी गाठ पडते ती तासाला पस्तीस किलोमीटरांच्या वेगाने. दहा मीटरांवरून सुमारे पन्नासच्या. त्या वेगाने जाताना खाली बुडालेला खडक असला तर काय होईल, हे सांगावयास नको. अनोळखी डोहात सूर मुळीच मारू नये. काठाने, पाय चाचपीत उतरावे.

तिसरा गुण, फेसाळ पाण्याचा. धबधब्याच्या अगदी पायथ्याशी पाण्यात हवा मिसळलेली असते. ते हलके होते आणि देहाला नीट तोलून धरीत नाही. शिवाय कोसळणारी धार खाली जाऊन उलटी फिरते आणि माणसाला पुनःपुन्हा धारेखाली ओढते. आपल्यापैकी अनेक जण गावच्या विहिरीत, पाठीला भोपळा किंवा डबा बांधून पोहावयास शिकले आहेत, आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान आहे. परंतु विहिरीचे पाणी जागच्या जागी असते. आपल्या मुलांचे शहरी तलाव तर त्याहून सोपे. तेथे खोली लिहिलेली असते आणि रक्षक शिट्टी घेऊन उभा असतो. वाहत्या पाण्यात दोन्ही शिक्षणे अपुरी पडतात.

चौथा गुण सर्वांत घातक. डोंगरी ओढा येथे ऊन असतानाही वर झालेल्या पावसाने फुगतो. भेडाघाटाला नर्मदा वाढते ती आपल्याला दुरून दिसते. लहान ओढा तेवढी सवलत देत नाही. मात्र तो सूचना देतो. स्वच्छ पाणी एकाएकी तांबूस होते, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येतात, आवाज भरडा होतो. यांतील एक खूण दिसताच चपला, डबा, कॅमेरा सारे सोडून उंच काठ गाठावा, आणि तोही ज्या बाजूने आलो त्याच बाजूचा.

एवढे करूनही कोणी बुडू लागलाच, तर तो चित्रपटातल्याप्रमाणे हाका मारीत नाही. त्याचे तोंड श्वासासाठीही पुरत नाही, मग हाक कोठून मारणार? तो मुकाट्याने बुडतो. म्हणून पाण्यात मुले असतील तेथे एका मोठ्या माणसाने काठावर बसून केवळ पाहण्याचे काम करावे. गप्पा नाहीत, पत्ते नाहीत, दूरध्वनी नाही. आणि वाचवावयास थेट उडी घेऊ नये. दोर, काठी, ओढणी, झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा, जे हाती येईल ते फेकावे. एकाच्या मागे दोन गेल्याच्या दुःखद वार्ता आपण दर पावसाळ्यात वाचतो.

आपल्यातील वऱ्हाडी आणि नागपुरी कुटुंबांना पचमढी नवी नाही. महाशिवरात्रीस खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडाच्या शेकडो पायऱ्या चढणारे आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीच्या दऱ्याखोऱ्यांतून चालणारे यात्रेकरू मोठ्या संख्येने विदर्भातून येतात. त्यांच्यापाशी ना उघडी जिप्सी, ना फुगीर टायर. पुढच्या माणसाच्या पावलावर पाऊल ठेवीत, त्याच्या शब्दाने थांबत आणि चालत ते भर पावसात त्या वाटा ओलांडतात, आणि पाण्यात शिरण्यापूर्वी त्याला हात लावून मस्तकी नेतात. त्यात श्रद्धा आहेच. पण पाण्यापुढे क्षणभर थांबण्याची जुनी शिस्तही आहे. आपण भाविक असू वा नसू, तो एक क्षण आपणही थांबावे, एवढेच माझे मागणे आहे.

तेव्हा कार्यकारिणीपुढे माझ्या सूचना अशा. सहल भर पावसाळ्यात नेऊ नये; पाऊस सरल्यानंतर, प्रपातांना धार असते पण ओढे शांत झालेले असतात, त्या दिवसांत न्यावी. कोणते कुंड खुले आहे आणि कोठे पाण्यात उतरावयास परवानगी आहे, हे त्या दिवशी वनखाते सांगेल तेच अंतिम मानावे. दर दहा माणसांमागे काठावर बसणारा एक पहारेकरी आजच नेमावा. तरुणांनी, क्वाड बाइक नाही म्हणून रुसू नये. रजतप्रपाताचे शंभर मीटरांहून उंच धवल पाणी समोर दिसले म्हणजे आपण कशात बसून आलो, हे कोणालाही आठवत नाही. आणि ज्येष्ठांनी कठड्यामागेच बसून राहू नये. वाटाड्याचा हात धरून चार पायऱ्या खाली यावे आणि त्या गार पाण्यात पाय तरी सोडावेत.

पन्नास वर्षांपूर्वी पाच-सात कुटुंबांनी, परक्या गावी आपल्या माणसांची सोबत असावी म्हणून, हे मंडळ स्थापिले. सोबत म्हणजे एकमेकांवर लक्ष ठेवणे, हाच त्याचा साधा अर्थ. पचमढीस निघताना बसमध्ये जितकी डोकी मोजू, तितकीच परतताना मोजावयाची आहेत. सहल यशस्वी झाली की नाही, हे त्या एका आकड्यावर ठरेल.