वाद्यवृंदाचा तरुण सूत्रधार

गवयाजवळ त्याचा गळा असतो, सारंगियाजवळ त्याची सारंगी. दार लावून घेऊन पहाटेपासून मेहनत करण्यास त्यांस कोणाची परवानगी लागत नाही. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या संचालकाचे तसे नाही. त्याचे वाद्य म्हणजे शंभरएक माणसे. हे वाद्य हाती आल्यावाचून त्याची विद्या पक्की होत नाही. आणि विद्या पक्की नसलेल्या तरुणाच्या हाती ते कोण देणार? या पेचातून एक मुंबईकर तरुण कसा पार पडला, हे झुबीन मेहता यांच्या आरंभीच्या वर्षांत पाहावयास मिळते.

त्यांचा जन्म २९ एप्रिल १९३६ रोजी मुंबईच्या एका पारशी कुटुंबात झाला. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक होते. १९३५ साली त्यांनी बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला होता. तालमीचे सूर ऐकतच मुलगा वाढला आणि सोळाव्या वर्षी वडिलांच्या वादकांची तालीमही घेऊ लागला. मुलाने डॉक्टर व्हावे अशी घरची इच्छा होती. सेंट झेवियर्स कॉलेजात त्या दृष्टीने अभ्यासही सुरू झाला. परंतु चित्त त्यात रमले नाही. १९५४ साली, अठराव्या वर्षी, त्यांनी वियेन्नाची वाट धरली.

तेथील विख्यात वाद्यवृंदाने वाजविलेली ब्राम्सची पहिली सिंफनी ऐकली, तेव्हा भरदार नाद म्हणजे काय ते त्यांस प्रथमच उमगले. संगीत अकादमीत हान्स स्वारोव्स्की हे त्यांचे गुरू. हातवाऱ्यांच्या दिमाखापेक्षा स्वरलिपीची बांधणी समजून घेण्यावर या गुरूंचा कटाक्ष असे. वाद्यवृंद आतून कळावा म्हणून झुबीन डबल बास हे पुरुषभर उंचीचे तंतुवाद्य शिकले. थोर संचालकांच्या तालमींना बाहेरच्यांस मज्जाव होता. तेव्हा त्यांनी व त्यांचा सहाध्यायी क्लाउडिओ अब्बाडो याने एक युक्ती केली. दोघेही समूहगायनाच्या संघात खर्जाचे गायक म्हणून दाखल झाले, आणि गाता गाता ब्रूनो वाल्टर व कारायान यांचे हात न्याहाळू लागले.

१९५८ साली लिव्हरपूलच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्यांस पहिले पारितोषिक मिळाले. त्यासोबत तेथील वाद्यवृंदात वर्षभराची साहाय्यक संचालकाची जागा होती. वर्ष सरले, आणि हाती कायमचे काम असे काही उरले नाही.

पुढली दारे उघडली ती बदली कलावंत म्हणून. १९६० साली मॉन्ट्रियलला इगोर मार्केविच येऊ शकले नाहीत. लॉस एंजेलिसला फ्रिट्झ रायनर, तर १९६१ साली इस्राएलमध्ये युजीन ऑर्मंडी यांच्याबाबतही तेच घडले. तिन्ही ठिकाणी बोलावणे या तरुणास आले. अशा वेळी सवड थोडी, वादक अनोळखी आणि श्रोते काहीसे हिरमुसलेले. स्वरलिपी आधीच डोक्यात नसेल तर छडी काय करणार? मॉन्ट्रियलने १९६१ साली, तर लॉस एंजेलिसने १९६२ साली त्यांस संगीत-संचालक नेमले. त्या वेळी ते सव्वीस वर्षांचे होते. या उत्कर्षाला एक कटू बाजूही आहे. लॉस एंजेलिसचे नियोजित संचालक गेऑर्ग सोल्टी यांचा विचार न घेताच व्यवस्थापकांनी झुबीन यांची साहाय्यक म्हणून निवड केली, म्हणून सोल्टी यांनी ते पद सोडले. एकाला लाभलेली संधी दुसऱ्याच्या मानभंगातून आली.

संगीतिकेचे, म्हणजे ऑपेराचे, आव्हान आणखी निराळे. आपल्या संगीत नाटकात नट पद रंगवू लागला की ऑर्गनवाला आणि तबलजी त्याच्या मागोमाग जातात. संगीतिकेत गायक श्वासभर अधिक थांबला तर सबंध वाद्यवृंदास थांबावे लागते, आणि ते थांबणे संचालकाच्या हातात असते. १९६५ साली झाल्झबुर्गच्या महोत्सवात मोझार्टची एक संगीतिका त्यांनी संचालित केली. त्याच वर्षी २९ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात त्यांनी व्हेर्दीची 'आयदा' सादर केली. १९६६ साली भारत सरकारने त्यांस पद्मभूषण दिले. तेव्हा ते तिशीच्या उंबरठ्यावर होते.

या साऱ्या मानाच्या मैफलींपूर्वीची एक मैफल मात्र आवर्जून आठवावी अशी आहे. १९५६ साली हंगेरीतील उठाव चिरडला गेला आणि निर्वासितांचे लोंढे ऑस्ट्रियात आले. वीस वर्षांच्या झुबीनने सात दिवसांत विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद जमविला आणि वियेन्नाबाहेरील निर्वासितांच्या छावणीत त्याचे संचालन केले. तेथे ना पारितोषिक होते, ना करार. कोणाच्या गैरहजेरीने मिळालेली ती जागाही नव्हती. घरदार गमावून आलेली माणसे समोर बसली होती. ज्याला वाद्य कोणी देत नव्हते, त्याने त्या दिवशी ते स्वतःच उभे केले होते.