जितकी घरे तितकी आवारे



मुंबईत १९३३ साली आरंभ झालेल्या रसायन तंत्रज्ञान संस्थेची २०१८ मध्ये आणखी दोन आवारे झाली; एक भुवनेश्वरला आणि दुसरे घनसावंगीच्या शिक्षकांस परिचित असलेल्या जालन्यास. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा अशा अनेक आवारांच्या संस्थांपुढे अध्यापन मोबाईलच्या व संगणकाच्या पडद्यावर नेण्यावाचून मार्ग उरला नाही.

वरवर पाहता यामुळे अंतर मिटते. मुंबईतील व्याख्यान जालन्यास त्याच क्षणी ऐकू येते. वस्तुतः तीन आवारांचे एक न होता, जितकी विद्यार्थ्यांची घरे तितकी आवारे होतात. वसतिगृहातील वीज, ग्रंथालय व प्रयोगशाळा सर्वांस सारखीच लाभतात. घरी ते समानत्व राहत नाही. द्रवाचा पालटणारा रंग पडद्यावर दिसतो, परंतु तो थेंबाथेंबाने मोजण्याचे कसब हातालाच शिकावे लागते.

प्राथमिक शाळेस हे अधिकच लागू पडते. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ पासून उघडण्यास शासनाने अनुमती दिली. जून २०२० मध्ये ज्याचे नाव पहिलीत दाखल झाले, ते बालक वर्गात येऊन बसले तेव्हा दुसरीत होते. त्याचा हात धरून अक्षराला वळण लावणे पडद्यास साधण्यासारखे नव्हते. शिवाय घरात मोबाईल एक, तो वडिलांबरोबर शेतावर, आणि शिकणारी भावंडे तीन, अशीही घरे असतात. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबाचे मूल तर हंगामात गावातही नसते.

म्हणून पुन्हा असा प्रसंग ओढवल्यास शिक्षकाने पाठ धाडण्यापूर्वी घरांची यादी करावी. मोबाईल कोणाच्या हाती असतो, तो घरी केव्हा येतो, मुलास वाचून दाखविणारे शेजारी कोण आहे, हे प्रत्येक नावापुढे लिहावे. जेथे यंत्र नाही तेथे स्वाध्यायाचा कागद पोचवावा. पाठ धाडला म्हणजे शिकवून झाले असे न समजता, मुलाचे उत्तर परत आले म्हणजेच पाठ झाला, असे मानावे.

आणि ज्या नावापुढे दोन दिवस उत्तराची जागा रिकामी राहील, त्या घरी शिक्षकाने सर्वांआधी जावे.